जमीन बसली आहे: नांगर खोल घालू की नांगरच सोडू?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात एक नाही, निदान तीन प्रश्न गुंतलेले आहेत. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही ऐरोलीत राहता, मुरबाडच्या बाजूला वडिलोपार्जित दोन एकर आहे आणि ती काका बघतात. पावसाळ्यात भात होतं, बरं होतं. तीन वर्षांपासून भातानंतर जानेवारीत भेंडी लावताय. ती गुडघ्याएवढी होऊन थांबते, खालची पानं पिवळी पडतात, दुपारी माना टाकते. एका कडेच्या दहा गुंठ्यांवर रस्त्याच्या कामाचं सामान वर्षभर पडलं होतं, डंपर उभे राहायचे, तिथे तर गवतही धड उगवत नाही. काका म्हणतात जमीन बसली. ट्रॅक्टरवाला म्हणतो सबसॉयलर, म्हणजे खोल जाऊन खालचा घट्ट थर फोडणारा फाळ, मारून घ्या. आणि तुम्ही एका शिबिरात ऐकून आलात की नांगरणी हेच मूळ दुखणं, शून्य मशागत करा. आता कोणाचं ऐकायचं?

माझ्याबद्दल एवढंच सांगतो. शहापूर तालुक्यात सत्तावीस वर्षं भात, भेंडी आणि काकडी करतोय, आणि ट्रॅक्टर भाड्याने देतो. म्हणजे कोणाला "नांगरू नका" असं सांगितलं तर माझ्याच पोटावर पाय येतो. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

तुमचं खरं दुखणं मशागत कमी की जास्त हे नाही. एकाच खाचराकडून तुम्ही दोन उलट्या गोष्टी मागताय. भाताला पाणी धरणारी जमीन हवी, भेंडीला पाणी सोडणारी आणि हवा घेणारी. आपल्याकडच्या खाचरात साधारण सहा ते आठ इंचांवर जो घट्ट थर लागतो, तो कोणाच्या चुकीने झालेला नाही, तो मुद्दाम केलेला आहे. आपली चिखलणी असते तरी कशासाठी? उखळणी (पहिली नांगरट) झाली, बेर (दुसरी नांगरट) झाली, मग पाण्यात नांगर फिरवून मातीचे कण सुटे केले. बारीक कण खाली बसले, भोकं बुजली, वरून बैलांचे खूर आणि आता टिलरची लोखंडी चाकं त्याच खोलीवर दरवर्षी फिरली. तिथे तळ तयार झाला. तो तळ आहे म्हणून ऑगस्टात आठ दिवस पावसाने दडी मारली तरी खाचरात पाणी टिकतं. म्हणजे ज्या थराने तुमचं भात सांभाळलं, त्याच थराने भेंडी अडवली. तो फोडायचा का, किती फोडायचा, की तसाच ठेवून भेंडीची सोय वर करायची, हा खरा प्रश्न आहे.

पण त्याआधी थर आहे की नाही हे बघितलंय का कोणी? तुमच्या प्रश्नात खड्डा खणल्याचा उल्लेख कुठेच नाही. आणि भेंडी पिवळी पडली म्हणजे जमीनच दोषी असंही नाही. पानाच्या शिरा पिवळ्याजर्द आणि मधला भाग हिरवा अशी जाळी दिसत असेल, वरची कोवळी पानंही तशीच असतील, तर तो हळद्या रोग, पांढऱ्या माशीने आणलेला. त्याला सबसॉयलर कितीही मारा, उपयोग शून्य. खालची जुनी पानं सबंधच्या सबंध फिकी होतात, वरची हिरवी राहतात, आणि माती ओली असूनही दुपारी झाड मान टाकतं, तेव्हा मात्र मुळांवर संशय घ्यायचा. तुमच्या वर्णनावरून दुसरी शक्यता जास्त वाटते, पण मी पान पाहिलेलं नाही.

आता खड्डा. दीड फूट खोल, दीड फूट रुंद, एक बाजू कुदळीने सरळ उभी तासून घ्या. पीक उभं असेल तर अगदी झाडाच्या बुंध्याशी खणा. जमीन वाफशावर, म्हणजे ना फार ओली ना कोरडी, असताना खणा, कडक उन्हाळ्यात नको, कारण सुकलेल्या मातीत सगळंच दगड लागतं आणि काही कळत नाही. तासलेल्या भिंतीत वरून खाली दर दोन इंचांवर सुरीचं टोक खुपसत जा. वर ते सहज जाईल, एका ठिकाणी अडेल, आणि थर ओलांडला की पुन्हा सहज जाईल. जिथे अडलं तिथे आणि जिथे सुटलं तिथे काडी खोचून ठेवा. थर किती खोल सुरू होतो आणि किती जाड आहे, हे दोन आकडे मिळाले की निम्मं काम झालं. मातीचा तुकडा हातात घेऊन फोडा. चांगली माती चुरमुऱ्याच्या लाडवासारखी कुठूनही सुटते. दाबलेली माती पाटीच्या तुकड्यांसारखी आडव्या चपट्या कपच्यांत फुटते. त्या कपच्यांमध्ये मुळं इस्त्री केल्यासारखी चपटी झालेली दिसतात. वास घ्या. निळसर राखाडी डाग आणि कुबट वास असेल तर तिथे पाणी कोंडून राहतंय.

असे चार खड्डे करा. एक भेंडीच्या बऱ्या भागात, एक वाईट भागात, एक डंपरच्या दहा गुंठ्यांत, आणि एक बांधावर, जिथे नांगर कधी गेलाच नाही. हा चौथा खड्डा लोक करत नाहीत, पण तुमची माती मुळात कशी होती हे तोच सांगतो. खड्डे नको वाटत असतील तर बोटभर जाडीची लोखंडी सळई अंगाच्या भाराने हळूहळू खाली दाबत जा, हाताला थर कळतो. सळईने वेळ वाचतो, पण मूळ दिसत नाही, म्हणून एक तरी खड्डा हवाच.

मूळ अडतं म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे होतात. कोरड्या मातीचं वजन घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅमच्या आसपास असेल तर तिचा जवळजवळ निम्मा भाग पोकळी असते. ते १.६ वर गेलं की पोकळी ४० टक्क्यांवर येते. दहा टक्के म्हणजे फार नाही असं वाटेल. पण बारीक भोकं तशीच राहतात, जातात ती मोठी भोकं, आणि पाऊस पडल्यावर निथळणारी, हवा आत घेणारी भोकं तीच असतात. म्हणजे पाणी दिसतं आणि हवा नसते. मुळाला माती ढकलून पुढे सरकायला लागतं. मातीचा विरोध चौरस सेंटिमीटरला २० किलोच्या पुढे गेला की बहुतेक पिकांची मुळं जवळपास थांबतात, किंवा आडवी वळून एखादी भेग, गांडुळाचं बीळ शोधत राहतात. शिवाय मुळं फक्त दमून थांबत नाहीत. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात भातावर आणि एका प्रयोगवनस्पतीवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. मुळातून इथिलीन वायू सतत बाहेर पडत असतो, आढीत केळी-आंबे पिकवतो तोच. मोकळ्या मातीत तो विरून जातो. घट्ट मातीत कोंडतो, मुळाच्या टोकाशी साठतो, आणि मूळ त्यालाच इशारा समजून लांब वाढायचं थांबवून जाड होतं. ज्या रोपांना इथिलीन कळतच नव्हता, त्यांची मुळं घट्ट मातीतही पुढे गेली. मला यातून एवढं कळलं की मुळासाठी सगळी माती भुसभुशीत करायची गरज नाही, हवा खेळायला वाटा असल्या तरी खूप झालं.

आता मशागतीकडे येऊ. तुमच्या ट्रॅक्टरवाल्याला मी खोटा म्हणत नाही. सबसॉयलरने थर फुटतो. पण कधी, हे त्याने सांगितलं का?

दहाएक वर्षांपूर्वी मी स्वतः ही चूक केली. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. माझ्या एका खाचरात वरची माती सुकून बारीक भेगा पडल्या होत्या, मला वाटलं झालं काम. भाड्याने सबसॉयलर आणला आणि सोळा इंचांवर लावला. खरवसातून सुरी फिरावी तसा तो गेला. ट्रॅक्टर जराही दमला नाही, आणि मी खूश. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. ट्रॅक्टर दमला नाही, वर ढेकळं उठली नाहीत, जमीन हलली नाही, याचा अर्थ माती फुटलीच नव्हती. नुसता काप गेला होता. तीन आठवड्यांनी भेंडीच्या ओळीत खणून पाहिलं, तर कापाच्या दोन्ही भिंती कापलेल्या वडीच्या कडेसारख्या चकचकीत, लिंपल्यासारख्या. ज्या ओळी नेमक्या कापावर आल्या त्यांची मुळं खाली उतरली, हातभर बाजूच्या ओळी तशाच खुरटल्या. आणि खरा फटका पुढे जुलैत बसला. शेजारच्या खाचरात टाच बुडेल एवढं पाणी, आणि माझ्या खाचरात ठरेना. तळाला जागोजाग फटी पडलेल्या. चिखलणी करून करून दुसऱ्या वर्षी कुठे त्या बुजल्या, म्हणजे पुन्हा मूळ पदावर. डिझेल गेलं, भेंडी गेली, भाताचं निम्मं गेलं.

माती फुटायला सुकी लागते, फक्त वर नाही, ज्या खोलीवर फाळ चालणार आहे तिथे. ओली माती दाबली जाते, फुटत नाही. ओळखायची पद्धत बिनखर्चाची आहे. थराच्या खोलीवरची चिमूटभर माती काढा आणि तळहातावर वळा. तीन मिलिमीटरची, म्हणजे जाडसर शेवेएवढी, वात न तुटता वळता आली तर माती ओली आहे, ट्रॅक्टर परत पाठवा. वळताना तुटून चुरा झाला तर चालेल. नेहमीच्या उथळ नांगरटीलाही हीच कसोटी. मी आता भाड्याला गेलो तरी आधी खाली उतरून वात वळून बघतो. लोक हसतात. हसू देत.

आपल्या भागात ऑक्टोबरपर्यंत पाऊस, नोव्हेंबरात कापणी, त्यामुळे खालचा थर खरा सुकतो तो मार्च-एप्रिलला. म्हणजे सबसॉयलरचा काळ एप्रिल-मे, भेंडी लावण्याच्या तोंडावर नव्हे. फाळ थराच्या तळापासून दोन-तीन इंच खाली चालावा, त्याहून खोल नको. अरुंद फाळ फार खोल घातला तर माती वर उचलली जाण्याऐवजी बाजूला दाबली जाते आणि खाली नवाच घट्ट नळ तयार होतो. फाळाच्या दोन रेघांमधलं अंतर खोलीच्या दीडपटीच्या आत ठेवा. आणि मागे फिरून बघा: फाळाच्या दोन्ही बाजूंची जमीन उचलली गेली, वर लाट आल्यासारखी दिसली, तर माती फुटते आहे. नुसती रेघ दिसली तर थांबा.

हे सगळं नीट केलं आणि जुलैत पुन्हा चिखलणी केली, तर मात्र सगळं मातीत. खरोखर मातीत, कारण चिखलाचा राडा त्या भेगांत भरतो आणि बसतो. सैल केलेली जमीन आधीपेक्षा जास्त दबते, कारण तिच्यात आधार राहिलेला नसतो. चाकाच्या पहिल्याच फेरीत एकूण दाबापैकी बहुतांश दाब बसून जातो, नंतरच्या फेऱ्या थोडी थोडी भर घालतात. म्हणून "एकदाच तर ट्रॅक्टर नेला" या बोलण्याला अर्थ नाही. साध्या ट्रॅक्टरचं वजन दोन टनांच्या आसपास असतं, आणि पलटी नांगराने नांगरताना त्याचं एका बाजूचं चाक चक्क तासात, म्हणजे उघड्या पडलेल्या खालच्या मातीवरून चालतं. नांगर वर सैल करतो आणि चाक खाली ठोकतं. दरवर्षी त्याच खोलीवर.

रोटाव्हेटरचं वेगळंच. माझ्याकडे आहे, मागणी सगळ्यात जास्त त्यालाच आहे. एका फेरीत जमीन रव्यासारखी होते, मालक खूश. पण त्याची पाती चार-पाच इंचांवर माती घासत जातात आणि ओलसर असेल तर तिथे लिंपण घालून ठेवतात. वरचा रवा पहिल्या पाण्याला बसतो, त्यावर पापुद्रा धरतो आणि भेंडीची उगवण अडते. तुमच्या काकांनी भातानंतर लगेच ओलीवर रोटाव्हेटर मारला असेल, तर सहा-आठ इंचांवरच्या जुन्या थराच्या वर हा दुसरा पातळ थर आहे. खड्ड्यात सुरी दोनदा अडली तर हेच समजा. आणि हा वरचा थर आहे हे ऐकून वाईट वाटून घेऊ नका. तो उथळ असतो, साध्या चिझेल नांगराने (अरुंद फाळांचा, माती न उलटता फोडणारा) किंवा वाफशावर कुळवाच्या दोन पाळ्यांनी सुटतो.

शून्य मशागतीचं आता. आपल्या वाडवडिलांनी ती केलेलीच आहे, नाव नव्हतं एवढंच. भात कापलं की धसकटात, अंगच्या ओलाव्यावर, न नांगरता वाल टोकायचे. वालाचं मूळ भाताच्या कुजलेल्या मुळांच्या वाटेने खाली जातं. नांगरला की त्या वाटा मोडतात. कर्जतजवळ नेरळच्या सगुणा बागेतून चंद्रशेखर भडसावळे यांनी जी एसआरटी (सगुणा राईस टेक्निक) पद्धत पुढे आणली, तिचा गाभाही हाच आहे. एकदाच गादीवाफे (उंच केलेले वाफे) करायचे, पुन्हा नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवण (लावणीची रोपं) नाही, लावणी नाही. लोखंडी साच्याने भोकं पाडून भाताचं बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची आणि त्याच वाफ्यावर पुढचं पीक. माणसं, चाकं सरीतून चालतात, वाफ्यावर कोणी पाय ठेवत नाही. तुमचा "एकाच खाचराकडून दोन मागण्या" हा पेच यात मुळातून सुटतो, कारण भातालाच तळ लागत नाही.

मग ठणकावून तेच का सांगत नाही? कारण ते तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. चिखलणी तण दाबते, ती गेली की पहिल्या दोन पावसाळ्यांत तण अंगावर येतं. तणनाशक वेळेवर मारायला आणि बेणायला (तण काढायला) माणूस जागेवर हवा. तुम्ही ऐरोलीला, काका एकटे. दुसरं, आधीच दाबलेल्या जमिनीत नुसतं नांगरणं थांबवलं तर ती आपोआप सैल होत नाही. मुळं, गांडुळं आणि उन्हाच्या भेगा ते काम करतात, पण सावकाश. खालच्या काळ्या जमिनी उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगाळतात, त्या स्वतःच स्वतःला नांगरतात, तिथे दोन-तीन वर्षांत फरक दिसतो. वरच्या लालसर वरकस (हलक्या, उताराच्या) जमिनीत अशा भेगा पडत नाहीत, तिथे वाट पाहण्यात वर्षं जातात. तुमची कोणती हे तुम्ही लिहिलं नाहीत. तिसरं म्हणजे गुरं. कापणी झाली की गावची गुरं मोकाट सुटतात, पेंढा तबेल्याला विकलेला, उरलंसुरलं गुरं खातात आणि ओल्या जमिनीवर खुरांनी चार इंच ठोकून जातात. कुंपण किंवा गावकीचा शब्द असल्याशिवाय शून्य मशागत कागदावरच राहते. माझ्या तीन खाचरांपैकी एकात मी वाफ्यांवर भात करतो, दोनात अजूनही चिखल करतो. जे पाणथळ आहे, जिथे वरून ओहोळ येतो, तिथे चिखलणीच बरी पडते.

 

डंपरच्या दहा गुंठ्यांचा हिशेब वेगळा मांडा, बाकीच्या जमिनीत मिसळू नका. वरच्या पाच-सहा इंचांतला घट्टपणा टायरच्या दाबावर ठरतो, पण दाब किती खोल जाणार हे आसावरच्या एकूण वजनावर. भरलेल्या डंपरच्या एकेका आसावर दहा टनांच्या आसपास भार असतो. तो दीड फुटांपर्यंत सहज पोचतो आणि तिथला घट्टपणा आपोआप सुटायला पिढी जाऊ शकते. इथे सबसॉयलरला पर्याय नाही, आणि इथेच तुमच्या ट्रॅक्टरवाल्याचं म्हणणं बरोबर आहे. आधी वर पसरलेला मुरूम, खडी, सिमेंटचे गोळे खरवडून काढा. मुरूम नांगरून आत घालू नका, ही चूक लोक हमखास करतात. एप्रिलच्या शेवटी, वात तुटतेय याची खात्री करून, सबसॉयलर एका दिशेने आणि मग आडवा. मग त्यावर ट्रॅक्टर नाही. जूनच्या पहिल्या पावसाला धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा. ताग जास्त खोल जातो असं कोणी सांगेल, पण पाणी साचलं की ताग मरतो, धैंचा तग धरतो, आणि त्या जागी पाणी साचणारच. फुलावर आला की कापून तिथेच पसरा. दोन पावसाळे त्या तुकड्यात चिखलणी नको, भाताचा मोह नको. नंतर बांधाकडेने तूर लावा, तिचं सोटमूळ तुमच्यासाठी काम करत राहील.

बाकी पावणेदोन एकरांत मी तुमच्या जागी असतो तर तळ फोडला नसता. भात बरं येतंय ना? मग तळ राहू द्या आणि भेंडीला वर जागा करून द्या. कापणीआधी दहा-बारा दिवस खाचराचं पाणी सोडून द्या, म्हणजे कापणीला माणसं आणि मळणीयंत्र ओलीवर फिरणार नाही. कापणीनंतर जमीन वाफशावर यायची वाट बघा, मजूर आहेत म्हणून घाई नको. रोटाव्हेटरऐवजी चिझेल किंवा कुळव, चार-पाच इंच, बस. मग सऱ्या ओढून आठ-दहा इंच उंचीचे गादीवाफे. तळ सहा इंचांवर असेल तर वाफ्यामुळे भेंडीला सव्वा फुटाच्या आसपास मोकळी माती मिळते, आणि पाणी सरीतून निघून जातं. एकरी पाचेक टन चांगलं कुजलेलं शेणखत सगळीकडे उधळण्यापेक्षा वाफ्यातच द्या. ठिबक असेल तर पाणी थोडं थोडं आणि रोज द्या. आठवड्यातून एकदा भरपूर दिलंत तर तळावर साचेल आणि पुन्हा तीच दुपारची मान टाकणं. तरी एका वर्षात चित्र पालटेल अशी खात्री देत नाही. वाढ खांद्याला लागेल की कमरेला, हे बियाणं, खत आणि पांढरी माशी यांवरही आहे.

दोन वर्षं असं केल्यावर वाफे मोडायचा कंटाळा येईल. तेव्हा त्याच वाफ्यांवर एका खाचरात, एकाच, एसआरटीने भात करून बघा. सगळ्या दोन एकरांवर पहिल्याच वर्षी नको. काकांचा विश्वास गेला की प्रयोग संपला.

जिप्सम टाकून जमीन सुटेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. जिप्सम काम करतं ते मातीत सोडियम जास्त असेल तेव्हा. खाडीकाठच्या खारजमिनीत, तुमच्या ऐरोलीच्या बाजूला जी होती तसल्या जमिनीत, माती तपासून त्याचा विचार होतो. मुरबाडकडे तपासणीत सोडियम निघाला नाही तर जिप्समचे पैसे शेणखताला द्या.

या रविवारी गेलात तर एवढंच करा. भेंडीची दोन झाडं काढा, एक बरं, एक खुरटं. उपटू नका, उपटलं की सोटमूळ तुटतं आणि वर जे येतं ते सगळं सरळच दिसतं. बाजूने हातभर खणून, मुळाभोवतीची माती पाण्याने हळूहळू धुऊन काढा. दोन्ही झाडं पोत्यावर शेजारी ठेवा, कडेला शाळेची पट्टी ठेवा आणि फोटो टाका. सोटमूळ कितव्या इंचावर वळलंय ते दिसलं की फाळ किती घालायचा ते सांगता येईल.